यंदाच्या गव्हाची पोळी

आमच्या घरी जेवताना बोलायचं नाही, हा नियम गेल्या पावसाळ्यात सुरू झाला. तो कुणी केला नाही, आपोआपच झाला. बाबा ताटावर बसले की आई हातातलं काम टाकून यायची, मी टीव्ही बंद करायची, आणि आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत बसायचो. चमचा तोंडात गेला. ओठ मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग आम्ही श्वास सोडायचो आणि पुढच्या चमच्याची वाट बघायचो. थोड्या चमच्यांनंतर खोकला यायचाच. साधासुधा नव्हे, चेहरा जांभळा, डोळ्यांतून पाणी, उजव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली. आई पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "हळू, हळू, घाई नाही." मला त्या 'घाई नाही'चा इतका संताप यायचा, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटायची. घाई करत होतं कोण? एक वाटी दूध-पोळी खायला तो माणूस तासभर घेत होता.

बाबांना त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर लकव्याचा झटका आला होता. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली आणि मशीनशॉपचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. यंत्रांच्या खडखडाटातही ज्याचा आवाज पलीकडच्या टोकाला पोचायचा, असा माणूस. झटक्यानं डावा हात गेला, डावा पाय ओढायला लागला, आणि बोलणं असं झालं की आलेल्या-गेलेल्यांना आम्हीच अर्थ सांगायचो. पण या सगळ्याहून वाईट म्हणजे गिळणं गेलं. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली होती. ती त्यांनी उपसून काढली, म्हणून पुन्हा घातली आणि चांगला हात कॉटला बांधून ठेवला. मी भेटायला गेले की ते बांधलेल्या हाताची बोटं हलवून मला जवळ बोलवायचे आणि गाठीकडे बघायचे. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं बघायचे. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

पुढे नळी निघाली आणि एक तरुण गुजराती मुलगी बाबांना गिळायला शिकवू लागली. स्पीच थेरपिस्ट. बोलायला शिकवणारी बाई गिळायलाही शिकवते, हे तोवर आम्हाला कुठं माहीत होतं! आधी घट्ट केलेलं पाणी, मग खिमटासारखं काहीतरी, हनुवटी खाली करून, एका वेळी एक चमचा. संक्रांत झाली आणि तिनं दुधात नीट भिजवलेल्या मऊ पोळीला परवानगी दिली. आईनं त्या दिवशी पोळीला हळदकुंकू वाहायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. बाबांनी ती वाटी संपवली आणि उजव्या बाजूनं, जेवढं हसता येत होतं तेवढं, हसले.

पोळीचं एवढं कौतुक का, तर आमच्या घरात पोळी म्हणजेच जेवण. भात हे बाबांच्या मते जेवण झाल्यावर जागा उरली तर खायचं काहीतरी होतं. बडोद्यात घरोघरी संध्याकाळी खिचडी-कढी असते. बाबा ती ताप आला तरच खायचे, आणि बरं वाटलं की सोडायचे. त्यामुळे खिचडी समोर आली की ते स्वतःला आजारी धरायचे. झटक्यानंतरही हेच. खिचडीचे दोन चमचे घेऊन तोंड मिटायचं, पोळीची वाटी मात्र चाटूनपुसून.

आणि ती पोळीही वाटेल त्या गव्हाची चालायची नाही. इकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही वर्षाचा गहू एकदम भरतो. होळीनंतर नवा गहू येतो, तो गच्चीवर ऊन दाखवून, निवडून, त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून पत्र्याच्या कोठीत भरायचा. एकदा दिवेल लागलं की तो गहू तुमचा झाला. तो परत देता येत नाही आणि विकताही येत नाही. म्हणून त्याआधी पारख करायची. आमच्याकडे ती पारख बाबांची. डभोईच्या बाजूला एक शेतकरी होता, बाबांच्याच वयाचा. दरवर्षी बाबा बसनं त्याच्याकडे जायचे, खळ्यातला मूठभर गहू तोंडात टाकायचे आणि चावत बसायचे. लहानपणी सगळ्यांनीच कच्चा गहू चावून त्याचा डिंक केलेला असतो. बाबा मोठेपणीही तेच करायचे, फक्त चेहरा गंभीर ठेवून. डिंक जमला, ताणला गेला, की म्हणायचे, "भरा." त्यांच्या त्या एका शब्दावर आमच्या घरची वर्षभराची पोळी ठरायची. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून त्यांची थट्टाही करायची, की बाबा तुमची प्रयोगशाळा दातांत आहे. पण पोळी कधी फसली नाही.

थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' करत जाते म्हणतात. त्या वर्षी ती शिवरात्रीची वाटही न बघता गेली. उत्तरायणाचे पतंग अजून तारांवर लटकत होते आणि आम्ही पंखे लावले. माघातच दुपारी रस्त्यावर बाहेर पडवेना. वर्गात मुलं वह्यांनी वारा घेत बसायची. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं. व्यायाम करून घेणारे म्हणायचे की उबेनं बाबांचा आखडलेला हात सैल पडतो. आम्ही त्यांची खुर्ची उन्हात नेऊन ठेवायचो आणि म्हणायचो, देवानं थंडी लवकर नेली ते चांगलंच केलं. त्याच दिवसांत डभोईकडच्या शेतात ओंब्यांमध्ये दाणा भरत होता. गव्हाला त्या वेळी थंडी लागते, हे मी दरवर्षी रब्बीच्या धड्यात शिकवते. पण धडा तो धडा, आणि घर ते घर.

होळीनंतर शेतकऱ्यानं टेंपोनं गहू पाठवला. बाबांना जाणं शक्यच नव्हतं. आई म्हणाली, "तेच शेत, तोच माणूस. बघायचं काय त्यात?" पण बाबांनी खुर्चीतून हात पुढे केला. मूठभर गहू मागितला. थेरपिस्टनं कच्चं-कडक काही तोंडात घालू नका म्हणून बजावलं होतं, मी ते बोललेही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. आईनं थोडेसेच दाणे हातावर ठेवले. त्यांनी ते उजव्या दाढेखाली घेतले आणि डोळे मिटून चावत राहिले. खूप वेळ. एवढा वेळ त्यांना कधी लागला नव्हता. मग तोंड भिंतीकडे वळवून त्यांनी ते रुमालात काढलं, रुमालाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "भरा."

आम्ही भरला. दाणे बारीक होते, थोडे सुरकुतलेले, पण बाबांनी चावून सांगितलेला गहू, त्याच्यावर कोण बोलणार? मी आणि आईनं गच्चीवर चादरी पसरल्या, दिवेल चोळून चोळून आमचे हात कोपरापर्यंत चकाकले. आई त्या दिवशी खुशीत होती. घरातली एक गोष्ट तरी पहिल्यासारखी झाली होती.

जुना गहू शाळा उघडायच्या सुमारास संपला. नवी कोठी उघडली आणि दोन-चार दिवसांत खोकला सुरू झाला.

आता हे इतकं सरळ दिसतं, तेव्हा दिसलं नाही. आजारी माणसाला खोकला आला की सगळे आजाराकडेच बघतात. आम्ही पंखा बंद केला, दूध कोमट केलं, चमचा लहान केला, उशी बदलली. बाबांचं वजन उतरायला लागलं, शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी झाली. ते दोन चमच्यांनंतरच मान हलवायचे. खोकल्यापेक्षा खोकल्याची भीती मोठी झाली. दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, बाबा तर पाण्याच्या घोटालाही दचकायला लागले. श्रावणात छातीत कफ भरून ताप आला. डॉक्टर म्हणाले, अन्नाचे कण फुप्फुसात जात असणार, गिळणं तपासून घ्या.

तपासणीला रोजचं जेवण घेऊन यायला सांगितलं होतं. आई पहाटे उठली, तिनं आपल्या गव्हाची पोळी केली, दुधाचा थर्मास भरला. थेरपिस्टनं बाबांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि पहिला चमचा दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला ते असे खोकले की तिनं वाटी बाजूला केली. गुजरातीत म्हणाली, गिळणं मागे गेलंय, असं होतं कधीकधी. "हमणां थोडो वखत नळी नाखीए, पछी जोईशुं." थोडे दिवस पुन्हा नळी, मग बघू. येत्या सोमवारी या.

मला वाटलं बाबा आता खुर्ची लाथाडतील. नळीचं नाव काढलं की ज्यांचा हात आजही आपोआप नाकाकडे जायचा, त्या माणसानं खाली बघून मान हलवली. हो म्हणाले. एका शब्दानं वाद घातला नाही. मी आयुष्यात बाबांना इतकी घाबरले नव्हते, जितकी त्या होकाराला घाबरले.

शनिवारी आईचा हात दुखत होता म्हणून कणीक मी मळली. मी काही सुगरण नाही. पण ती कणीक माझ्या हाताखाली विचित्र वागत होती. पाणी पिऊनही कोरडी; गोळा केला तर कडा फाटायच्या, लाटली तर पोळीच्या मधोमध भोक. मी आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." एरवी मी चिडले असते. पण दुपारच्या डब्यातली माझी पोळी किती दिवस पापडासारखी निघत होती, ते मला आठवलं. शाळेतल्या एका मैत्रिणीनं विचारलंही होतं, तुझ्या आईचं काय बिनसलंय? मी ते आईच्या काळजीवर ढकललं होतं.

मुलांना मी एक प्रयोग दाखवते. कणकेचा गोळा नळाच्या बारीक धारेखाली धरून चोळत राहायचं. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. पोळीला धरून ठेवणारी वस्तू ती हीच. मी आमच्या कणकेचा गोळा नळाखाली धरला. तो विरघळत गेला. शेवटी हातात उरला कोंडा आणि चार चिंध्या, त्याही बोटांतून सुटत होत्या.

शेजारच्या बेनकडे मी वाटी घेऊन गेले. त्यांची मुलं कॅनडात. दोन माणसांत गेल्या वर्षीचीच कोठी संपली नव्हती. त्यांनी डबाच हातात दिला. "लो ने बेन, लई जाव. आ तो गया वरसना घउं छे." त्या पिठाचा गोळा मी नळाखाली धरला. पाणी पांढरं झालं, मग स्वच्छ झालं, आणि माझ्या मुठीत एक चिवट गोळा राहिला. ओढला तर ताणला गेला आणि सोडला तर मागे आला. मी एका वाटीत दूध घेऊन आमच्या गव्हाची शिळी पोळी कुस्करली. ती दुधात मुरली नाही. दूध एकीकडे आणि कोंड्याचे खरखरीत कण एकीकडे, वर तरंगत. पातळ आणि कण एकत्र देऊ नका, हेच तर थेरपिस्ट पहिल्या दिवसापासून सांगत होती. आम्ही पोळी दिली म्हणून निर्धास्त होतो आणि बाबांना रोज तेच भरवत होतो.

मी वाटी आणि गोळा आईपुढे नेऊन ठेवला. तिनं गोळ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"कणकेत जीव नाही ते. इतकी वर्षं मळतेय, मला कळणार नाही? दुधात भिजवली, तेल वाढवलं, तासन् तास झाकून ठेवली. नाहीच जमलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणत्या तोंडानं बोलू? त्यांनी चावून घेतलेला गहू." मग तिचा आवाज फुटला. "हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. एवढी एक गोष्ट त्यांची उरली होती. ती पण चुकली म्हणून मी सांगू? आणि मला काय माहीत खोकला त्यानं येतो म्हणून? मला वाटलं पोळी कडक झाली, एवढंच. खोकला आजाराचा."

मी आईवर ओरडले. जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण नळी, बांधलेला हात, सगळं त्यात आलं. माझं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "उद्या त्या पिठाची करते. पण त्यांना सांगायचं नाही. गुपचूप वाढू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला ते पटत नव्हतं. गळा ठीक आहे हे बाबांना कळलं नाही, तर ते घाबरतच खाणार, घाबरले की खोकणार, आणि सोमवारी नळी. सांगितलं तर भीती जाईल, पण त्यांच्या आयुष्यभराच्या पारखीला मी स्वतःच्या तोंडानं खोटं ठरवणार. झटक्यानं जे काढून घेतलं नव्हतं ते मी काढून घेणार. त्या रात्री मला दोन्ही वाटा वाईट दिसत होत्या. शेवटी मी आईचं ऐकलं, आणि तेही रागानंच.

रविवारी दुपारी आईनं शेजारच्या पिठाची कणीक मळली. मळता मळता तिचा हात थांबला. तिनं गोळा ओढून बघितला, पुन्हा ओढला आणि माझ्याकडे न बघता पोळपाट घेतला. पोळी तव्यावर टम्म फुगली. दुधात टाकली तर वितळल्यासारखी एकजीव झाली.

बाबा ताटावर बसले. टीव्ही बंद. पंखा बंद, आणि बाहेर भादव्याचं ऊन असं की कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी वाटीकडे बघितलंही नाही. चमचा उचलला, हनुवटी खाली केली, डोळे मिटले. घाटी वर गेली, खाली आली. दुसरा चमचा. तिसऱ्याला त्यांच्या घशातून आवाज आला आणि आईनं माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली. पण ते नुसतं खाकरणं होतं. त्यांनी डोळे उघडले, थांबले, जणू पुढं काय होतंय त्याची वाट बघत होते. काही झालं नाही. मग चौथा. मग पाचवा. मी मोजणं सोडून दिलं. अर्ध्या वाटीनंतर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पहिल्यांदा वाटीत बघितलं.

"हा... आपला गहू नाही," ते म्हणाले.

"आपलाच आहे," आई एका दमात म्हणाली.

"नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. बोलू नकोस, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण बाबांचाही चेहरा माझ्यासमोर होता, आणि उद्या सोमवार होता.

"शेजारचा आहे, बाबा," मी म्हणाले. "गेल्या वर्षीचा. यंदा थंडी लवकर गेली, दाणा भरलाच नाही. आपल्या गव्हाच्या पोळीला धर नाही, ती दुधात फुटते. तिचे कण तुमच्या घशात जातात. तुमचा गळा मागे नाही गेलेला. गहू वाईट आहे."

त्यांचा उजवा हात टेबलावर होता, त्याची बोटं वळली. मला वाटलं संपलं, माणूस कोसळला. आई पदर तोंडाला लावून उभी.

"डिंक..." बाबा म्हणाले. पुढचं येईना. त्यांनी गिळलं, पुन्हा सुरुवात केली. "डिंक... झालाच नव्हता."

आम्हाला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत.

"खूप चावला. भुगाच. मला वाटलं..." त्यांनी हात उचलून स्वतःच्या डाव्या गालावर ठेवला, ज्याला अजून स्पर्श कळत नाही त्या. "मला वाटलं, तोंडच गेलं. तोंडात... काही उरलं नाही. मग... काय सांगू?"

त्या दिवशी त्यांनी रुमाल घडी करून खिशात का घातला, ते मला तेव्हा समजलं. आम्हाला दाखवायचा नव्हता. गहू वाईट आहे हे त्यांच्या दातांनी त्यांना बरोबर सांगितलं होतं, आणि त्यांचा स्वतःच्या तोंडावरच विश्वास उरला नव्हता. तिथूनच त्यांनी आपण संपलो असं धरलं. पुढचा प्रत्येक खोकला त्यांना त्याचीच साक्ष वाटला, म्हणून नळीलाही हो म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आई मात्र रडली नाही. ती भडकली. "मग सांगायचं नाही? डिंक झाला नाही एवढं सांगायला काय झालं होतं? इतके महिने तुम्ही उपाशी, आम्ही उपाशी."

"तू... सांगितलंस?" बाबा म्हणाले. "रोज... मळत होतीस."

आईनं जाऊन पंखा लावला, जवळजवळ आपटलाच ते बटण. बाबांनी चमचा उचलला आणि उरलेली वाटी खाल्ली. एकदा मधे खोकले, साधंच, पाणी प्यायले, पुढे खाल्लं.

सोमवारी आम्ही पुन्हा थर्मास घेऊन गेलो. थेरपिस्टनं गळ्यावर बोटं ठेवून बराच वेळ बघितलं, नंतर छाती तपासायला डॉक्टरांना बोलावलं. गळा अजून कमजोर आहे, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पण गेल्या वेळेइतका मागे गेलेला दिसत नाही, नळी सध्या नको, पंधरवड्यानं परत बघू. तिनं विचारलं, काय बदललंत? आम्ही काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "घउं." तिला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. मी समजावून सांगितल्यावर तिनं ते लिहून घेतलं, आणि आणखी कुणाकुणाच्या घरी विचारायला हवं, असं म्हणाली. रिक्षात बसल्यावर बाबा बाहेर तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. आईनं त्यांचा डावा हात, ज्याला काही कळत नाही तोच, आपल्या मांडीवर घेतला.

तो गहू आम्ही दोघींनी खाल्ला. लापशी केली, भाकरी थापली, सातू दळून आणले, आणि तरी संपेना. डभोईच्या शेतकऱ्याला मी फोन केला, तर तो आधीपासूनच शरमिंदा. "फागण पहेलां ज लू वाई, बेन. दाणो भराय ए पहेलां सुकाई गयो." फाल्गुनाआधीच गरम वारं सुटलं आणि दाणा भरायच्या आधीच वाळला. यापुढे गव्हाचं काही खरं नाही, म्हणाला, मुलगा म्हणतोय सगळ्या शेतात एरंडी लावू. त्याला दोष द्यायला मी फोन केला होता, दिला नाही. उन्हाला काय तो बोलावून आणतो?

हे लिहितेय तेव्हा पुन्हा माघ आहे आणि पुन्हा पंखे लागले आहेत. बाबा आता वाटीभर पोळी बऱ्यापैकी वेळात खातात, शर्टाची कॉलरही पुन्हा गळ्याला लागते. पण दुपारी ऊन चढलं की माझं लक्ष आपोआप त्यांच्या गळ्याकडे जातं. काल शेतकऱ्याचा फोन आला. थोड्या जमिनीत त्यानं गहू केलाय, आणि ओंब्या आत्ताच पिवळ्या पडायला लागल्या आहेत. बाबांनी तो स्पीकरवर ऐकला.

मग आई म्हणाली, "यंदा वाईट निघाला तर वाईट म्हणायचं. तोंडाची, मनाची, कशाची म्हणून पर्वा करायची नाही. मीही म्हणीन."

बाबांनी मान हलवली. थोडा विचार केला. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच म्हणाले, "सकाळची पोळी... जरा जाड होती."

आई त्यावर संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.